जवाऱ्यांच्या दिवसांतल्या गोळ्या

आई, आज फार दमले आहे. तू होतीस तोवर या विषयावर आपण कधी बोललो नाही. रामपायलीच्या घरी मला पहिल्यांदा पाळी आली तेव्हा नवरात्र होतं, देवघरात घटाभोवती गव्हाचे जवारे पेरलेले. मी रडत स्वयंपाकघराच्या दाराशी आले, तर तू तिथूनच ओरडलीस, "मांगं सरक! जवाऱ्यावर सावली पडन." एवढंच. मला वाटलं, काहीतरी मोठा आजार झालाय. गुरांच्या कोठ्यात बसून मी मरायची वाट पाहतेय, तू ताट ठेवतेस आणि पाठ फिरवून निघून जातेस.

आता मी तिरोडीला शाळेत विज्ञान शिकवते. प्रजननाचा धडा आला की मोठे सर म्हणतात, "मैडम, घर पे पढ़ने को बोल दो." मी शिकवतेच. मुली माना खाली घालून हसतात, घरी जाऊन आईचंच ऐकतात. कंटाळा येतो गं. परवा त्याच तासाला नववीतली एक मुलगी बाकावरून कोसळली. घरात जवारे, म्हणून आईने तिला पाळी लांबवायच्या गोळ्या दिल्या होत्या. तरी रक्त सुरू झालं, थांबेना, तेव्हा गोळ्या वाढवल्या, आणि आपल्या सासऱ्याला कळू नये म्हणून पोरीला शाळेत धाडलं. पोरगी पांढरीफटक पडली होती.

तिच्या आईला बोलावून घेतलं. ती म्हणाली, "आता दवाखान्यात नेलं तं घरी साऱ्याइले कळन. जवाऱ्याचं विसर्जन होऊ द्या, मंग नेतो."

माझा तोल गेला. "तवरक पोरगी जित्ती राहीन का? काहून देल्या गोळ्या? तुले काही समजते का नाही?" सगळ्या वर्गासमोर ओरडले.

ती पदर पिळत उभी राहिली. मग हळूच म्हणाली, "मले कोनं सांगतलं व्हतं, मॅडम? माह्या मायनं बी नाही." आणि पोरीला उचलायला तीच आधी वाकली.

बालाघाटला नेऊन रक्त चढवलं. पोरगी वाचली. जीपमध्ये ती बाई लेकीचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती, आणि मला मागे वळून तिच्याकडे बघवत नव्हतं. मी तिच्यावर ओरडलेच नव्हते, आई. तुझ्यावर ओरडले होते. तुला तरी कोणी सांगितलं होतं का, हे माझ्या कधी मनातच आलं नाही.

हे पत्र कुठे धाडायचं नाहीच. आणि खोटं कशाला बोलू, राग अजून गेलेला नाही.