विषय : तुझ्या फियाटचा तळ

मनीषनगर, नागपूर
२४ जानेवारी

ती. दादाला वाकून नमस्कार, आणि हे पत्र त्याला वाचून दाखवणाऱ्या कौसल्यावहिनींना त्याहून थोडा जास्त वाकून.

डोळ्याचं ऑपरेशन चांगलं झाल्याचं वहिनींकडून कळलं. थेंब वेळेवर घालत जा. काळा चष्मा लावून बाजारात हिंडतोस असंही कळलं, ते बंद कर. नवा चष्मा मिळेपर्यंत तुला वाचायची मनाई आहे आणि वहिनीच वाचणार, हे लक्षात ठेवूनच मी लिहिते आहे. फोन का केला नाही म्हणशील, तर फोन तू मधेच ठेवून देतोस. पत्र वहिनींच्या हातात आहे. (वहिनी, काहीही झालं तरी त्याच्या हातात देऊ नका.) इकडे सगळं क्षेम. सुशीलचं बीपी गोळीवर ठीक आहे, मिनल पुण्यात मजेत आहे, आणि मी नोव्हेंबरअखेर रिटायर झाल्यापासून अगदी आरामात आहे. तेहेतीस वर्षं आवक-जावकच्या टेबलावर लोकांची पत्रं नोंदवली, आता स्वतःचं एक लिहायला निवांत बसले आहे. (निवांत म्हणजे, या दोन ओळींच्या मधे दोनदा उठून गॅस बंद आहे का ते पाहून आले. बंद होता. मग एकदा चालू करून बंद केला.)

तर तुझी गाडी. अकरा वर्षांपूर्वी खाप्याला राहायला जाताना "चार दिवस ठेवतो" म्हणून तू ती आमच्या पार्किंगमध्ये लावून गेलास, आणि आम्हीही कधी विचारलं नाही, कारण तुझ्या गाडीबद्दल विचारलेलं तुला आवडत नाही. परवापरवापर्यंत ती कव्हराखाली चांगली होती. मला फक्त आतून एक वास यायला लागला, ओल्या गोणपाटासारखा. म्हटलं, दादा आल्यावर काय म्हणेल, जरा सतरंजी उचलून ऊन दाखवावं. सतरंजी उचलली, तर ओली. तिच्याखालचं रबर ओलं. रबराखाली तू अंथरलेलं ते डांबराचं काळं जाड कातडं, ते वरून कोरडं पण कडेकडेने फुगलेलं. आठवतं ना? गाडीत बसल्यावर खालचा खडखडाट ऐकू येऊ नये म्हणून तू स्वतः ते शीट लावलं होतंस, आणि नंतर आम्हा सगळ्यांना एकेक करून आत बसवून, दार लावून, "काही ऐकू येते का?" असं विचारलं होतंस. आम्ही नाही म्हणालो. दार लावलेलं असल्याने तुझा प्रश्नच मला नीट ऐकू आला नव्हता, पण मान हलवली.

आता फुगलेल्या डांबराखाली पाणी, म्हणजे पत्र्याला गंज, एवढं मलाही कळतं. (तीस वर्षं वेल्डिंग शिकवणाऱ्याची बहीण आहे.) म्हणून ते काढायला बसले. आधी खुरपं घेतलं. खुरपं चिकटलं. मग मिनलचं केस वाळवायचं मशीन लावून डांबर तापवलं, तर ते वितळून माझ्या कोपराला, तिथून पदराला, आणि पदरावाटे आमच्या सोफ्याला लागलं. सुशील पेपर वाचत होता. तो सोफ्याकडे पाहून म्हणाला, "तुले दुसरं काही काम नाही का वं?" साधाच प्रश्न, पण मला इतका लागला की मी चहा न घेता पुन्हा खाली गेले आणि मोबाइलवर उपाय शोधत बसले. तिथे एका गोऱ्या माणसाने हेच काम चुटकीसरशी केलेलं होतं. डांबरावर कोरडा बर्फ पसरायचा. तो इतका थंड असतो की डांबर चिक्कीसारखं कडक होतं. मग हातोडीने ठोकायचं, की तुकडे पडतात आणि खालून कोरा पत्रा निघतो. त्याच्या अंगावर पांढरा शर्ट होता, दादा. शेवटपर्यंत पांढरा राहिला.

नागपुरात कोरडा बर्फ कुठे मिळतो, हे शोधण्यात दोन दिवस फार छान गेले. सीताबर्डीत तीन दुकानांत विचारलं, तिघांनी मला आइसक्रीमच्या दुकानाकडे पाठवलं. शेवटी कळलं की लग्नात नवरा-नवरी धुरातून चालत येतात ना, तो धूर याच बर्फाचा. असा धूर पुरवणारे एक लहानू म्हणून डेकोरेशनवाले आहेत, पन्नाशीचे, अतिशय गंभीर गृहस्थ. त्यांनी वही उघडली आणि विचारलं, "नवरीची एन्ट्री का वरमालेची?" मी म्हटलं, एन्ट्री नाही, गाडीतून डांबर काढायचं आहे. त्यांनी वही मिटली, माझ्याकडे पाहिलं, आणि एकेक बोट दुमडत बजावलं, "हाताले लावू नोका, चामडी निंघून जाईन. बंद खोलीत ठेवू नोका, जीव गुदमरते. घट्ट झाकणाच्या डब्यात भरू नोका, फुटते. अन् उरला तं मोकळ्या हवेत पडू द्या, आपोआप उडून जाते. पाण्यात टाकू नोका." चार सूचना. त्यांतल्या तीन मी काटेकोर पाळल्या.

गुरुवारी दुपारी थर्माकोलच्या पेटीतून बर्फ आला. आमचं पार्किंग तिन्ही बाजूंनी उघडं, तरी मी गाडीची चारही दारं उघडली, पुढच्या सीटा काढल्या, सुशीलचे बागकामाचे जाड हातमोजे घातले आणि बर्फ पसरला. दहा मिनिटांनी खालून कडकड असा बारीक आवाज यायला लागला. हातोडी मारली आणि दादा, खरं सांगते, बशीएवढा तुकडा टण्‌कन उडाला! मग मी थांबलेच नाही. मागची डावी बाजू, मागची उजवी, पुढची डावी. कित्येक आठवड्यांत घड्याळ न पाहता गेलेला तो पहिला तास. मागचा पत्रा चांगला निघाला, हे मुद्दाम सांगते. (वहिनी, इथे थोडं थांबा आणि त्याला पाणी द्या.)

ड्रायव्हरच्या बाजूचं डांबर इतर ठिकाणापेक्षा दुप्पट जाड होतं. का, ते तुला माहीत आहे. मला तेव्हा माहीत नव्हतं. मी बर्फ जास्त टाकला आणि हातोडीही जरा जोरात मारली. डांबर फुटलं, आणि त्याखाली मला मोर दिसला. हिरवा-निळा, पिसारा फुलवलेला, आणि त्याच्या पायाशी ‘शुद्ध शेंगदाणा तेल, १५ किलो’. दादा, तू गाडीला तेलाचा डबा लावला होतास! डबा कापून, सपाट करून, चार खिळ्यांनी ठोकून, वरून डांबर! आयटीआयच्या पोरांना पत्रा जोडताना रेघ वाकडी आली तर तू पट्टी मारायचास. आणि आईला घेऊन आपण रामटेकला गेलो, अंबाळ्याला गेलो, ते सगळं त्या मोरावर बसून?

हा विचार करत, त्या मोराकडे नीट पाहावं म्हणून मी आत पाय टाकला. डबा गेला. म्हणजे डबा खाली पडला आणि माझा उजवा पाय त्याच्यामागून गुडघ्यापर्यंत गेला. चप्पल पार्किंगच्या फरशीवर टेकली, मांडी गाडीत. पत्र्याची कड अशी लागली की पाय वर ओढला की रुतायची.

आता चौथी सूचना. उरलेला बर्फ लवकर संपावा म्हणून मी तो पाच मिनिटांपूर्वीच बादलीभर पाण्यात टाकला होता. धूर निघाला, बादलीवरून ओसंडला, आणि जमिनीलगत सगळ्या पार्किंगभर पसरला. कमरेच्या खाली काही दिसेना. आणि त्याच वेळी पहिल्या मजल्यावरच्या यमुताईंकडचं हळदीकुंकू आटोपून बारा-पंधरा बायका जिना उतरल्या. आधी सगळ्यांनी फोटो काढले. दोघींनी धुरातून चालत येण्याचा व्हिडिओ केला. मग यमुताईंना मी दिसले.

"अवं वंदना, काहून अशी उभी हायेस वं?"

"अडकली मी."

"मले वाटलं सोसायटीनं ठेवलं हे," असं म्हणून त्या धूर हाताने बाजूला सारत आल्या, माझा पाय पाहिला, आणि (ही बाई मला जन्मभर आवडेल) आधी मला हळदकुंकू लावलं, अत्तर लावलं, माझ्या हातमोज्यात वाण म्हणून पिठाची चाळणी दिली, आणि मगच सुशीलला हाक मारली. सुशील आला, वाकून पाहिलं. "पाय निंघते का पत्रा कापा लागते?" एवढंच म्हणाला. शेवटी दोन बायकांनी मला काखेत धरलं, सुशीलने खालून पत्रा पक्कडीने वाकवला, आणि मी निघाले. धनुर्वाताचं इंजेक्शन झालं, पाच टाके पडले. गाडी आहे तिथेच आहे. फक्त सीटा परत बसवल्यावर ड्रायव्हरच्या सीटवरून बसल्याबसल्या जमीन दिसते.

काल एका मेकॅनिकला आणून दाखवली. त्याने भोकातून डोकं वर काढून सांगितलं की भंगारात द्या. मी म्हटलं, गाडी माझी नाही आणि ज्याची आहे तो तुमच्या डोक्यासकट ती नेईल. झालं ते असं आहे. रागाव, पण थेंब घातल्यावर एक तास डोळ्यांना ताण देऊ नकोस.

तुझी
वंदना

ता. क. : मोराचा डबा मी जपून ठेवला आहे. तू फार रागावलास तर तो तुझ्या जुन्या विद्यार्थ्यांना दाखवीन.

ता. क. २ : वहिनींचा आत्ताच फोन आला होता, मी पत्राबद्दल काही बोलले नाही. सहज विचारलं, तर त्या म्हणाल्या की डॉक्टरांनी दीड महिन्यानंतर वेल्डिंगला हरकत नाही म्हटलंय, पण तू आताशा मशीनला हातच लावत नाहीस, नुसता अंगणात बसून असतोस. खाप्याहून मशीन टेम्पोने आणता येईल. मी टेम्पोवाल्याशी बोलून ठेवलं आहे.

ता. क. ३ : वहिनी, हे हळू वाचा. दादा, गाडीत वास येतो हे कळायला गाडीत बसावं लागतं. मी डिसेंबरपासून रोज बसत होते. सकाळी साडी नेसून, जेवणाचा डबा घेऊन खाली जायचे. सुशीलला सांगितलं होतं की पेन्शनच्या फाइलसाठी चकरा आहेत. पेन्शन पहिल्याच महिन्यात सुरू झाली. कव्हराखाली बसून मी डबा खायचे आणि संध्याकाळी वर यायचे. आता त्याला सगळं कळलं आहे. त्या दिवसापासून तो दुपारचं जेवण दोघांसाठी वाढतो. पण मला घरात बसवत नाही रे. तेव्हा मशीन घेऊन ये, पण तळ तू जोडू नकोस. मला शिकव. रेघ वाकडी आली तर पट्टी मार. मी पावणेदहा ते सव्वासहा मोकळी असते. शनिवार-रविवारीसुद्धा.