काठ सैल राहू दे

आई, तुझ्या नातीला आठवा महिना लागलाय. बाळंतपणासाठी ती माझ्याकडे जळगावला आलीय आणि दिवसभर पाय वर करून मला कामं सांगते. तिच्या बाळासाठी मी पिवळा स्वेटर विणायला घेतला. जळगावात स्वेटर कशाला, म्हणून जावई हसले. पौषातली इथली पहाट त्यांनी कुठे पाहिलीय.

माझा काठ कसा येतो ते तुला ठाऊक आहे. धुळ्याला, देवपूरच्या आपल्या स्वयंपाकघरात तू ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी थापतेस आणि मी पाटावर बसून विणते. पिठाच्या हातानेच तू माझं विणकाम उचलतेस, उजेडाकडे धरतेस. "पहिला टाका इनू नको. नुसता उचली ले, आनि दुसरा वढीसन इन." मी तसंच करायचे, तरी काठ सैल पडायचा, गाठी दिसायच्या. "उसवी टाक," तू म्हणायचीस, आणि मी नाक ओढत उसवायचे. तुझा काठ मात्र वेणी घातल्यासारखा सरळ. मला त्याचा फार हेवा वाटायचा.

आपल्याकडे बाळ घरी येण्याआधी त्याचा कपडा पुरा करत नाहीत. शेवटची ओळ सुईवर तशीच ठेवायची आणि बाळ रडल्याचा निरोप आला की मग टाके बंद करायचे. तू एकदाच चुकलीस. माझ्या धाकट्या भावाच्या वेळी निळ्या स्वेटरचा काठ इतका देखणा उतरला की तुला हात आवरला नाही. तो रडलाच नाही. तोच स्वेटर घालून त्याला नेला. त्यानंतर गल्लीतल्या कितीतरी बाळांसाठी तू विणलंस, पण टाके त्यांच्या आज्यांना बंद करायला लावायचीस.

म्हणून मीही पिवळा स्वेटर गळ्याशी थांबवून खिडकीतल्या टोपलीत ठेवला होता. परवा जेवणानंतर जरा पडले आणि उठून बघते तर तो वाढलेला. खाली माझा सैल काठ आणि वर वेणीसारखा सरळ. मी लेकीला विचारलं.

"आई, मला साधं बटण लावता येत नाही," ती म्हणाली. "पण काय छान आलाय गं हा काठ."

काठाला पीठ लागलं होतं. काळपट, कळण्याचं. हिला पित्त होतं म्हणून आमच्याकडे कित्येक महिन्यांत कळण्याची भाकरी झालेली नाही, आणि तुला जाऊन तर कित्येक वर्षं झाली. मी तुझं विणलेलं उसवलं. काल दुपारी ते पुन्हा तिथवर आलं होतं आणि टाके बंद करायचेच तेवढे बाकी होते. देखणा काठ आला की तुला थांबता येत नाही, हे मला माहीत आहे. भर दुपारी टोपलीपुढे बसून मी तुझ्यासारखं म्हटलं, "उसवी टाक, आई. हाई पोरगं आपले घर लई यानं शे." हे बाळ आपल्याला घरी आणायचंय, एवढंच मला सांगायचं होतं.

चहा ठेवून आले, तोवर तुझं सगळं उसवलेलं. लोकरीचा गुंडा तू करायचीस तसा घट्ट. मला रडू आलं. तुझे हात रिकामे राहिलेत, एवढंच असेल. मी बाजारातून निळी लोकर आणली आणि वेगळ्या सुयांसकट टोपलीत ठेवली. हा पिवळा माझाच राहू दे, त्याचा काठ सैलच राहू दे. तू भावासाठी विण.

आज निळ्याची वीतभर पट्टी झालीय. पिवळ्याला तू हात लावला नाहीस. लेक म्हणते, बाळ आज फार लाथा मारतंय.

हे पत्र टोपलीत ठेवायचं ठरवलं होतं. निळा पुरा झाला की तू जा, बाळंतिणीच्या घरात थांबू नकोस, एवढंच त्यात सांगायचं होतं. पण ठेवणार नाही. मघाशी लेकीचा डोळा लागल्यावर तुझ्या निळ्या पट्टीच्या चार ओळी मीच उसवल्या, तो लवकर पुरा होऊ नये म्हणून.