‘हाये’चं ‘शे’ केलं

७ जुलै
नवा अभ्यासक्रम आला. पहिलीची पुस्तकं आली, साहित्य म्हणे शिक्षकांनीच बनवायचं, परिसराच्या बोलीत. बरं. रविवार त्यातच गेला. लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूंवर चित्रं काढली, खाली आमची असोद्याची बोली. बोटं आखडलीत.

९ जुलै
पहिलीतली तेजल. शाळा सुरू झाल्यापासून तोंडातून शब्द नाही. आज केळाचं कार्ड धरलं, “हे काय हाये?” पोरगी पटकन, “केय.” मग थांबेचना. डोया, शाया, कापूस... घरी येईपर्यंत हसू आवरेना.

१८ जुलै
धुळ्याला कार्यशाळा, त्यांचा आणि आमचा, दोन्ही जिल्ह्यांची मिळून. माझी कार्डं पुढे ठेवली. तज्ज्ञ सर धुळ्याकडचेच. सगळ्या ‘हाये’वर लाल पेन, वर त्यांच्याकडचं ‘शे’. म्हटलं, सर, आमच्याकडे शे म्हणत नाहीत. “मॅडम, खान्देश म्हटला म्हणजे शे. तुमचं अशुद्ध झालं.”
घ्या. बोलीतही शुद्धलेखन. आमच्या बाजूच्या आठ-दहा जणी होत्या, सगळ्या चहा पीत बसल्या. मीही पुढे बोलले नाही. त्याचाच राग जास्त येतोय.

१२ सप्टें.
कार्यशाळेतल्या कार्डांचा छापील संच आला. केळ माझंच, तेच वाकडं देठ. नाव समितीचं. खाली “हाई काय शे?” सोबत पत्र, मंजूर संचच वापरावा. मुख्याध्यापक सर म्हणाले, “तुमची कार्डं कपाटात टाका ताई, तपासणी आहे.” टाकली.

१५ सप्टें.
वर्गात विचारलं, “हाई काय शे?” पोरं खिदळली. एक म्हणतो, “म्याडम, हे इंग्लिश हाये का?” तेजल मान खाली घालून बसली ती बसलीच. बोलायला लागलेलं लेकरू मीच गप्प केलं. मधल्या सुट्टीत डबा उघडवेना.

२४ सप्टें.
तपासणी. साहेबांनी नेमकं तेजललाच उभं केलं. छापील कार्ड. “हाई काय शे?” गप्प. परत तेच. तिने माझ्याकडे पाहिलं.
मी म्हटलं, साहेब, तिला ‘हे काय हाये’ असं विचारा.
“मॅडम, मध्ये बोलू नका.”
शेरेबुकात लिहून गेले : ‘विद्यार्थ्यांना स्वतःची बोली येत नाही. शिक्षिकेने मेहनत घ्यावी.’
खाली माझी सही लागते. सर दोनदा येऊन गेले. “करून टाका ताई, कशाला वाढवता.”
अजून केलेली नाही.