फोटोतले बूट

कोळशेत, ठाणे
ता. १६ ऑगस्ट १९५४

चि. परशुराम यास आजीचा, म्हणजे ठमाबाईचा, पोटभर आशीर्वाद. इकडे सगळे खुशाल. तूही खुशाल आहेस हे फोटोत दिसतं. गाल वर आलेत.

अक्षर शालूचं नाही, हे तुला कळलं असेलच. तुझ्या बहिणीच्या सासूने पाय मोडून घेतला, म्हणून शालू शहाडला सासरी गेली. मी दुसरी लिहिणारी धरलीय. कोण ते मागाहून सांगते. मी बोलते आपलं आगरी, ही लिहिते शाळेतलं. मी ‘मना काय ठावं’ म्हणते आणि कागदावर ‘मला काय माहीत’ उतरतं म्हणे. तेव्हा आजी एकाएकी शहाणी झाली असं समजू नकोस.

तुम्ही विलायतेतल्या कॉलेजची पोरं आगगाडीने ब्रायटनला गेलात, दिवसभर दर्या बघितलात आणि परत आलात, ते सगळं वाचून घेतलं. किनाऱ्याला वाळू नाही, नुसते गोटे? आणि माणसं भाड्याने खुर्ची घेऊन पाण्याकडे तोंड करून बसतात? अरे, आपण जन्मभर खाडीचं पाणी मिठागरात घेऊन मीठ ओढलं, पायांची सालं निघाली, पण खुर्ची कोणी विचारली नाही! तुझा बाप म्हणाला, "आये, तू तिथं गेलीस तर दर्याला बांध घालून मीठच काढशील." काढीन की. एवढं पाणी फुकट बघत बसायचं?

आता फोटो.

सगळे ओळीने उभे, तू कडेला. तुझ्या पायांत बूट आहेत आणि हातातही बूट आहेत. पाकीट हिनेच फोडलं. बराच वेळ बघत राहिली, मग म्हणाली, "आजी, हातातले बायकांचे आहेत."

मी म्हटलं, "तिकडचे पुरुष घालत असतील."

"टाच बघ ना, आजी."

"मग कुणाचं तरी सामान सांभाळत असेल. गुणाचं पोर आहे आमचं."

"मागे पाण्यात एक मुलगी अनवाणी उभी आहे," ही म्हणाली. "याच्याकडे बघून हसतेय."

तुझ्या पत्रात गाडी आहे, चहा आहे, दर्यात घुसलेला लाकडी पूल आहे, टोपी उडालेला कुणी मद्रासी मित्र आहे. ती मुलगी मात्र नाही. लहानपणी मिठागराच्या बांधावरून येताना तू वहाणा चिखलात सोडून पळायचास आणि मी उचलत मागून यायची. तो तू कुणाचे बूट असे छातीशी धरून उभा! म्हणजे सांगायला काही उरलं नाही, पण तू सांगायला हवं होतंस.

इथे लेखणी थांबली. म्हटलं, "लिही गं." कलावती लिहितेय, परश्या. भिवा पाटलाची. तू बोटीत बसायच्या आधी जिच्या दारी मी साखर घेऊन गेले, तीच.

परवा नारळी पौर्णिमा झाली. तू गेल्यापासून तुझ्या नावाचा नारळ खाडीला हीच सोडते, तू सुखरूप परत यावास म्हणून. यंदा फोटो आला त्याच्या दुसऱ्या दिवशी पौर्णिमा. ही नारळ घेऊन पाण्यात उतरली आणि नुसती उभी. भिवा काठावरून ओरडला, "अगं सोड ना, लोक खोळंबलेत." हिने मागे वळून मला विचारलं, "आजी, हा घरी नेऊ?"

मी म्हटलं, "ने." त्याचा नारळीभात केला. चांगला झाला होता. दर्याला मी माझ्या हाताने दुसरा सोडला. तू माझा नातू आहेस, तो नारळ माझाच होता.

हिला ठाण्याला मास्तरीण व्हायचं शिकायचंय. भिवा म्हणतो, जावई येईल आणि ठरवील. जावई तिकडे बूट धरून उभा आहे हे त्याला ठाऊक नाही. साखर मी नेली होती, शब्द परत आणायलाही मीच जाईन. पण त्याआधी तू भिवाला स्वतःच्या हाताने लिही. आडून नको, दुसऱ्याकडून नको. तुला तरी लिहिता येतं.

आणि तू ये. तिला घेऊन यायचं असेल तर घेऊन ये. तुझा बाप चार दिवस बोलणार नाही, मग माशाच्या कालवणावर बोलेल. फक्त बांधावर तिचे बूट तूच धर. माझी कंबर आता वाकत नाही.

कलावतीला म्हटलं, तुझेही दोन शब्द घाल. म्हणाली, "आजी, कागदावर जागाच उरली नाही."

मला अक्षर कळत नाही, परश्या. कोरा कागद कळतो. माझ्या अंगठ्याखाली केवढी जागा आहे, ती तूच बघ.

तुझी आजी,
ठमाबाई
(अंगठा)