सी शिकून खुर्ची वाचवण्याचा एक महिना

१ तारीख, सोमवार. सकाळी ६.
शनिवारी साहेबांनी बॉम्ब टाकला. कॉम्प्युटर सेक्शनमध्ये आम्ही तिघे: मी, चष्मिश आणि खोकल्या. ३१ तारखेला परीक्षा: आमच्या मशीनवरच्या युनिक्स सिस्टिमची आणि त्यावर प्रोग्रॅम लिहायच्या 'सी' भाषेची, तीही अ‍ॅडव्हान्स्ड. पहिले दोघे राहणार, तिसरा तळघरात, रेकॉर्ड रूममध्ये. मला कसली भीती? बावीस वर्षं त्याच मशीनसमोर बसतोय. बॅकअपची टेप बदलतो, पण बसतो तर तिथेच ना! सातशे पानांचं पुस्तक आणलं. रोज पंचवीस पानं. अठ्ठावीस दिवसांत खलास.

२ तारीख.
पुस्तकाला कव्हर घातलं. छान बसलं. आज एवढं पुरे.

५ तारीख.
पहाटे पाचचा गजर. बायको उठली. मी नाही.

९ तारीख.
पॉइंटर. म्हणजे वस्तू नव्हे, वस्तूचा पत्ता. मग त्या पत्त्याचा पत्ता. मग त्याचाही. पान १९. खूण घालून पुस्तक मिटलं. लेखकाला सोपं लिहिता येत नाही, याला मी काय करू?

१३ तारीख.
स्क्रीनचे रंग बदलले. काळ्यावर हिरवी अक्षरं. अभ्यासाला वातावरण लागतं. चष्मिशने विचारलं, कुठवर आलं? म्हटलं, उजळणी चालू आहे. चेहरा पडला बिचाऱ्याचा.

१८ तारीख. संध्याकाळ.
बायकोला प्रश्न विचारायला बसवलं. ती शिवणकाम करते, तेव्हा पुस्तक शिलाई मशीनवरच उघडं. तिने विचारलं, पॉइंटर म्हणजे काय? म्हटलं, तुला कळायचं नाही. म्हणाली, मला कळलंय, तुम्हाला विचारतेय. फार बोलायला लागलीय हल्ली.

२४ तारीख.
थेट फोर्कवर उडी मारली. मधलं आपोआप कळेल. फोर्क म्हणजे चालू प्रोग्रॅमने आपल्यासारखाच दुसरा प्रोग्रॅम काढायचा. लूपमध्ये, म्हणजे पुन्हा पुन्हा फिरणाऱ्या चक्रात घालून कागदावर लिहून टाकला. एक नंबर! बायकोने तोंडातल्या टाचण्या काढून कागद वाचला. म्हणाली, अहो, हे थांबणार कुठे? नवे झालेलेही पुन्हा नवे काढतील की. म्हटलं, तू काज-बटणं बघ.

३० तारीख.
कागद तोंडपाठ. चष्मिशची कीव येते. खोकल्याची तर येतेच.

३१ तारीख. दुपारी २.
प्रश्न फोर्कचाच! कागद जसाच्या तसा उतरवला. एंटर मारलं. आधी माझा स्क्रीन गोठला. मग चष्मिशचा, मग खोकल्याचा, मग अख्ख्या ऑफिसचा. सगळ्यांचं काम त्या एकाच मशीनवर. बाहेर काउंटरच्या खिडकीवर रांगेतले लोक ओरडायला लागले. साहेब धावत आले. चष्मिश म्हणाला, सर, कुणीतरी फोर्क मोकाट सोडलाय. मी म्हणालो, मशीनच जुनं झालंय. साहेबांनी मला विचारलं, बावीस वर्षं आहात ना इथे, मग थांबवा. मला येत नाही, असं म्हणालो. बावीस वर्षांत पहिल्यांदाच म्हणालो. मशीन चष्मिशने बंद करून चालू केलं. खोकल्याने पंखा माझ्याकडे वळवला. त्याचंच जास्त लागलं.

२ तारीख. तळघर.
फायली, शिडी, एक दिवा. कॉम्प्युटर नाही.

त्याच दिवशी, घरी.
बायकोला सगळं सांगितलं. रडू आलं. ती 'मी म्हटलं नव्हतं का' असं म्हणाली नाही. म्हणाली असती तर भांडता तरी आलं असतं. शेवटी म्हटलं, दे ते पुस्तक, पहिल्यापासून नीट सुरू करतो. ती म्हणाली, चार दिवस थांबा, माझी सत्तर पानं राहिलीत.

पुस्तक उघडून पाहिलं. तिची मोजपट्टी पान ६३० मध्ये. माझी खूण तिने हलवली नव्हती. १९ वरच होती.