टाकाला टेकवलेल्या गोळ्या

जळगाव,
२२ जुलै १९९९

ती. प्रमिलाअक्काच्या चरणी सरोजचा नमस्कार. तुझे गुडघे, भाऊजींचा दमा आणि तुमच्या मेडिकल दुकानाचे गळके पत्रे, तिन्ही या पावसाळ्यात धड असतील असे धरून चालते. इकडे सर्व क्षेम आहे. ‘सर्व’ म्हणजे किती माणसे, याबद्दल घरात दोन मते आहेत, म्हणून पत्र लांबणार आहे.

रतिलाल भाऊजींनी मागच्या पार्सलात चिठ्ठी घातली होती की गोळ्यांचे पाकीट निम्म्या वेळातच कसे संपते, सरोज दुप्पट गोळ्या खाते की काय. भाऊजींचा हिशेब बरोबर आहे, निष्कर्ष चूक आहे. मी डॉक्टरांनी सांगितल्या तेवढ्याच घेते, सकाळी एक, संध्याकाळी एक. बाकीच्या कुठे जातात ते सांगायला मला लग्नापासून सुरुवात करावी लागेल. (लग्न तूच जमवलेस. तक्रार नाही.)

हे बिजवर आहेत, ते तू सांगितले होतेस. पहिली, लताबाई, माहेरपणाहून परतल्यावर शेतातल्या विहिरीत पडून गेली, तेही सांगितले होतेस. तिच्या नावाचा चांदीचा टाक काळ्या दोऱ्यात ओवून मला गळ्यात घालावा लागेल, हे मात्र मला हळदीच्या दिवशी कळले. नाण्याएवढा पत्रा, त्यावर ठोकून उठवलेली बाई, हात कमरेवर, जणू कुणाची तरी वाट पाहून कंटाळलेली. नवी साडी आधी टाकाला टेकवायची, मग नेसायची. गोडधोड आधी तिला. सासूबाई (शेवंताबाई, गाव पारोळ्याजवळचे, बोलणे अजून सगळे अहिराणीत) हे नियम कधी समजावत नाहीत, नुसते ‘पह्यले तिले’ म्हणतात आणि उभ्या राहतात. मी दिवसभर टेलिफोन एक्स्चेंजमध्ये जिवंत माणसांच्या तारा जुळवते, घरी एक तार जास्त, असे म्हणून मी हुज्जत घातली नाही. चांदी विजेची उत्तम वाहक असते, एवढे मात्र त्या वेळी मनात येऊन गेले.

लग्नानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात माझ्या ओठाच्या उजव्या कोपऱ्यावर पाणी भरलेल्या बारीक पुळ्यांचा झुबका उठला. ताप फुटला असेल म्हणून सगळ्यांनी सोडून दिले. खपली पडली, गेला, आणि पुन्हा उठला तो तिथेच. ऊन लागले, झोप मोडली किंवा कोणाचे बोलणे लागले की उठायचा, आणि दर वेळी तिथेच. उठण्याआधी त्या जागी मुंग्या येत. (आमच्या खात्यात याला जवळचा एक प्रकार आहे. तू फोनवर बोलत असतेस आणि त्याच लाइनवर दुसऱ्या खोलीतला रिसीव्हर कोणीतरी उचलतो. बोलत नाही. फक्त आवाज किंचित खोल जातो आणि तुला कळते की कोणीतरी ऐकते आहे. मुंग्या अगदी तशा.) गेल्या दिवाळीला तो रिसीव्हर ओठावर नाही, उजव्या डोळ्यात उचलला गेला.

डोळा लाल झाला, उजेड सोसेना. मी दवाखान्यात निघाले तर सासूबाईंनी रिक्षा परस्पर एसटी स्टँडवर नेली. एरंडोलच्या अलीकडे त्यांच्या माहेरचे उखर्डू आबा भगत राहतात, त्यांचा मान आधी. आबांनी सुपात ज्वारीचे दाणे घोळवले, माझ्या तोंडाकडे एकदाही न बघता गळ्यातल्या टाकाकडे बघितले आणि म्हणाले, ‘ती ओठवर नही, कानना मांगे बठेल शे. येवाना रस्ता एकच. हाकलीसन जास नही, तिले निजाडी ठेवनं पडस.’ मी सगळे ऐकून घेतले आणि दुसऱ्या दिवशी रजा टाकून डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेले. सासूबाई साक्षीला सोबत होत्याच.

अक्का, पुढचे मी जसे घडले तसे लिहिते. डॉक्टर म्हणाले, याला हर्पिस म्हणतात. विषाणू पुळीत राहत नाही, तो कानापुढे आत, नसेच्या मुळाशी झोपलेला असतो. ऊन, थकवा, मनस्ताप झाला की जागा होतो आणि त्याच नसेने, त्याच वाटेने बाहेर येतो. अंगातून कायमचा जात नाही. पण रोज गोळी चालू ठेवली तर निजून राहतो. सासूबाईंनी हे सगळे मान डोलावत ऐकले आणि मोठ्या सौजन्याने विचारले, ‘मंग उखर्डू आबा काय येगळं सांगे?’ डॉक्टरांनी माझ्याकडे बघितले. मी फरक शोधत होते. कानामागे आणि कानापुढे, एवढा एकच सापडला. (बाहेर आल्यावर सासूबाईंनी चौकशी केली की हे डॉक्टर मूळचे एरंडोलचे का.)

बुबुळावर प्रत्येक वेळी एक पांढरा व्रण राहतो आणि व्रण मधोमध आला की त्या डोळ्याचे दिसणे संपते, म्हणून निदान वर्षभर गोळी चुकवायची नाही, हे डॉक्टरांनी मला बजावले. माझे कामच रंगीत तारांच्या जोड्या ओळखण्याचे आहे, त्यामुळे मला दुसऱ्यांदा सांगावे लागले नाही. तुझे पहिले पाकीट आले. मी कामावरून घरी पोहोचले तो देवघरात वाटीभर दुधात सगळ्या पट्ट्यांतल्या सगळ्या गोळ्या विरघळत होत्या आणि टाक (त्या दिवशी दोरा बदलायला म्हणून काढला होता) वाटीच्या काठाला टेकवून बसवला होता. सासूबाई शांतपणे म्हणाल्या, ‘एक डाव पोटभर खाई लिन्ही की निजी जाई ती.’ रोज रोज थोडे थोडे कशाला द्यायचे, असा त्यांचा विचार. दूध त्यांनी तुळशीला घातले. तुळस त्यानंतर फार जोमात आली. तुमचे पुढचे पार्सल येण्याआधी मला मुंग्या आल्या, आणि डोळ्यात दुसरा व्रण पडला. तो मध्याच्या जवळ आहे. एक्स्चेंजमध्ये हिरवी तार आणि निळी तार उजेडाकडे धरून बघावी लागते, हे मी अजून साहेबांना सांगितलेले नाही.

या दुसऱ्या व्रणाच्या वेळी डॉक्टरांनी सहज विचारले, घरात आणखी कोणाला असे होते का. मी ‘नाही’ म्हणाले. सासूबाई पिशवी उचलून दाराकडे चालू लागल्या. घरी आल्यावर त्यांनी लताबाईंचा फोटो भिंतीवरून उतरवला. तू तो पाहिला आहेस, खोलीत कुठेही उभे राहा, बाई आपल्याकडेच बघते. मला वाटायचे, फोटोवाल्याची करामत. करामतच होती, पण एकाच डोळ्याची. उजवा डोळा त्याने शाईने रंगवलेला आहे. शाईखाली बुबुळ पांढरे होते. सासूबाईंनी तेव्हा सांगितले, लताबाईंच्याही ओठाच्या कोपऱ्यावर तेच उठायचे, मग डोळ्यात गेले, आणि घरच्यांनी त्यात पाल्याचा रस घातला. गावाने ठरवले की सुनेने उडी मारली. सासूबाई काच पुसत म्हणाल्या, ‘उडी नही मारी तिनी. तिले काठच दिखना नही.’ विहिरीचा कठडा उजव्या बाजूला पडका होता.

आता मी शिकलेली बाई, मी खुलासा करायला बसले. हिवाळ्यात यांच्याही ओठाला कोपऱ्यावर बारीक चीर पडते, हे तिला थंडीची चीर म्हणतात. हा विषाणू जवळिकीतून एकाकडून दुसऱ्याकडे जातो. तेव्हा लताबाईंचे यांच्याकडे आणि यांचे माझ्याकडे आले, किंवा मूळचे यांचेच आम्हा दोघींकडे आले. कोणते खरे, ते कोणत्याही तपासणीत कळत नाही. (यांना मी विचारलेले नाही. ते पाटबंधारे खात्यात आहेत, पाणी कुठून आले हे तिथेही कोणी विचारत नाही.) लताबाईंच्या अंगात जे राहत होते तेच आज माझ्या कानापुढे, नसेच्या मुळाशी राहत असेल, हे मला खोडून काढता आले नाही. मी मनापासून प्रयत्न केला. सासूबाई ऐकत होत्या. ‘आसंच सांगी ऱ्हायनी मी,’ एवढेच म्हणाल्या.

तेव्हापासून माझी एकही गोळी चुकलेली नाही. मी विसरू शकतच नाही. सकाळ-संध्याकाळ सासूबाई तळहातावर गोळी घेऊन समोर येतात, आधी टाकाला टेकवतात, मग मला देतात, आणि माझा घोट उतरेपर्यंत टाकाकडे बघत राहतात. मुंग्या आलेल्या नाहीत. डॉक्टर म्हणतात, एवढा नेमाचा पेशंट त्यांनी बघितला नाही. हा नेम कोणाचा, ते मी त्यांना सांगितले नाही. कधी कधी लाइन शांत असते तेव्हाही आवाज किंचित खोल वाटतो, पण ती माझी सवय असेल.

गुडघ्यांना जप. भाऊजींना नमस्कार सांग.

तुझी,
सरोज

ता. क. : गोळ्या निम्म्या वेळात का संपतात ते राहिलेच. नुसती टेकवून लताबाईंना काय मिळते, असे सासूबाईंच्या मनात आले. ‘तिना टाइमले या गोया नही व्हत्यात.’ म्हणून आता दर वेळी दोन काढतात, एक तिची. तिच्या गोळ्या कुंकवाच्या रिकाम्या डबीत साठवून दर अमावास्येला एसटीने गावी जातात आणि त्या विहिरीत सोडून येतात. औषध महाग आहे आणि पाण्यात जाते, हे मला कळते. तरी पुढच्या महिन्यापासून पाकीट दुप्पट पाठव. मागच्या अमावास्येला सासूबाईंचे पाय सुजले होते, तेव्हा डबी घेऊन मी गेले होते. कठडा अजून तसाच आहे. मी उजवीकडून गेले नाही.

ता. क. दुसरा : इतक्या गोळ्या कोणाला लागतात असे दुकानात कोणी विचारले, तर भाऊजींनी एकाच बाईला लागतात म्हणून सांगावे. ते खोटे होणार नाही.