कुंकू सांडलेली टेप

२० सप्टेंबर २००६, मँचेस्टर
आज वरणात मीठ जास्त पडलं. सूनबाईंनी मुकाट खाल्लं — म्हणजे उद्या ऐकायला मिळणार.
चैत्रालीच्या स्टुडिओत चार जपानी आलेत. गाण्यांचा अल्बम करायला. इतक्या लांब का, तर इथे जुनं टेपचं मशीन आहे, आणि त्यांना आवाज त्याच्यावरच हवाय. ते मशीन माझी नात चैत्रालीच सांभाळते. नोकरी अजून कच्ची. हा अल्बम नीट पार पडला तर पक्की करणार म्हणे.
हे लिहितेयही तीच. मला अक्षर येत नाही, तिला जोडाक्षर. जमेल.

२८ सप्टेंबर
गाणारीचं नाव मिनाको. एकच ओळ चाळीसदा गाते. मी म्हटलं, पहिल्यांदा येत नाही का? चैत्रालीने डोळे फिरवले. लिही, डोळे फिरवले म्हणून.

२ ऑक्टोबर, दसरा
माझ्या लेकाच्या, यतीनच्या लॅपटॉपला, सूनबाईंच्या मिक्सरला, माझ्या अडकित्त्याला हळदकुंकू लावलं. चैत्रालीला पुडी बांधून दिली. जे मशीन पोटाला देतं त्याला लाव, आणि आज त्याला काम लावू नकोस. नाही म्हणत म्हणत पुडी खिशात घातलीन.

३ ऑक्टोबर
घोटाळा झाला. तिने कुंकू लावलं खरं, पण सुट्टी कोण देणार मशीनला? पुडी त्याच्यावरच राहिली, कलंडली, टेप फिरली आणि कुंकू तिच्याबरोबर फिरलं. पहिलं गाणं गेलं. मिनाकोने आठवडाभर घासलेलं. आता नुसती खरखर. मालक म्हणाला, तुझं काय करायचं ते शुक्रवारी बघू.
माझं नाव तिने घेतलं नाही. 'माझा चूक' एवढंच म्हणाली. जेवली नाही.

५ ऑक्टोबर
चैत्राली नको नको म्हणेपर्यंत माझे बूट घालून झाले होते. ट्रॅमने गेलो. मालकासमोर उभी राहिले. म्हटलं, हिला काढू नका, पुडी माझी. ही ते इंग्रजीत सांगेना! मग मीच रिकामी पुडी दाखवली आणि स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं.
मिनाकोने विचारलं, मशीनला लाल का लावलं? चैत्रालीने सांगितलं — वर्षातून एकदा अवजारांचे आभार मानायचे, त्यांना विसावा द्यायचा. मिनाकोने रिकामी पुडी हातात घेऊन पाहिली. मग म्हणाली, आमच्याकडे मोडलेल्या सुया टोफूच्या, म्हणजे पनीरसारख्या मऊ वडीत टोचून ठेवतात. जन्मभर जाड कापड टोचलं, आता आराम.
"आज मशीनला सुट्टी," ती मालकाला म्हणाली. "उद्या मी पुन्हा गाते."
मालक हसला नाही. पण शुक्रवारचं पुन्हा बोलला नाही.

२७ ऑक्टोबर
नोकरी पक्की! नवीन गाणं मला ऐकवलं. शब्द कळले नाहीत. मध्ये एके ठिकाणी ती श्वास घेते, तो आवडला.

१० नोव्हेंबर
मिनाको चैत्रालीला टोकियोला बोलावतेय. अल्बमचं उरलेलं काम तिकडे, मग पुढचा अल्बम. दोन वर्षं. यतीन खूश. सूनबाई न्हाणीघरात जाऊन रडल्या.
चैत्रालीने पेन खाली ठेवलं आणि विचारलं, आजी, मी काय करू? म्हटलं, जा की. तेवढंच घर शांत.
तिने लिहून घेतलं. एवढंसं लिहायला बराच वेळ लावला. जोडाक्षर अडलं असेल.

१४ जानेवारी २००७
चैत्राली टोकियोला गेली. आता सूनबाई लिहितात. मिठाचं जपून बोलायला हवं.
अल्बमची सीडी आली. आत बारीक अक्षरात माझं नाव, 'रंभाबाई', आहे म्हणे. म्हणून म्हटलं, ही वही ऑक्टोबरपासून वाचून दाखवा. सूनबाई वाचत गेल्या. दहा नोव्हेंबरला थांबल्या.
"आई, कडेला लिहिलंय ते तुम्ही सांगितलं होतं?"
मी म्हटलं, काय? त्यांनी चैत्रालीचं अक्षर वाचलं:
"आजी, एकदा नको जाऊ असं बोल ना. मी राहते."
ओळ कुठे आहे ते माझं बोट धरून दाखवायला सांगितलं. माझ्या करंगळीएवढी आहे.